वेणी घालणारा जावई

थोरलीच्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधायच्या आणि धाकट्याला आंघोळ घालायची, ही सकाळची कामं मी आपणहून घेतली होती. आमच्या शेजारणीचं माहेर सानगडीचं, सासूबाईंच्या घराला लागूनच. ती माहेरी जाऊन माझ्या या कामांची बातमी सांगून आली आणि तिच्या मागोमाग सासूबाई एसटीने भंडाऱ्यात हजर झाल्या.

आल्या आल्या त्यांनी लेकीचं कपाळ चाचपलं. मग कपाट उघडून औषधं शोधली. निघाली ती फक्त पोरांच्या खोकल्याची बाटली.

"बिमार आहेस का? काहून लपवून राहिली?"

"मले काही नाही झालं, माय," बायको म्हणाली.

"मंग तुझा माणूस पोरीची वेणी कायले घालून राहिला?"

अंगणात वेणी घालता घालता मी सगळं ऐकत होतो. रागाने रिबीन करकचून ओढली गेली, पोरगी कळवळली. सासूबाई दारातून टक लावून पाहत राहिल्या.

परत जाताना बसस्टँडवर त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "जवाई, लेक तर धडधाकट आहे माझी. आता खरं सांगा, तुमची नोकरी कधी गेली?"