चढापुरती मोटर

डॉक्टरनं माझ्या बायकोच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाला, लहानपणी कधी जोराचा ताप येऊन गेला असेल, त्यात काळजाची झडप खराब झाली आहे. आता हिनं ओझं उचलायचं नाही, काही ढकलायचं नाही, चढ चढायचा नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. झडप म्हणजे काय ते मला कळेना. मग त्यानं विचारलं, विहिरीवर पंप आहे काय? आहे म्हटलं. पंपाच्या नळाला खाली पाण्यात जे असतं, त्याला आम्ही फुटबॉल म्हणतो, शिकलेले फुटव्हॉल्व्ह. तो खराब झाला की पाणी वर चढतं आणि परत खाली उतरतं. डॉक्टर म्हणाला, तसंच समज. फरक एवढाच की हा फुटबॉल मी बदलून देऊ शकत नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरच्या अलीकडे, मोठ्या सडकेला लागून. एक एकर जमीन, विहीर, आणि त्यात वांगी, मिरची, कोबी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. माल बाजाराला न्यायला तीनचाकी होती. पुढे सायकलसारखं, मागे फळ्यांचा गाडा. मी पायडल मारायचो, ती मागून चालायची. सपाटीवर काही अडचण नव्हती. पण नाल्याचा पूल ओलांडला की लांब चढ लागायचा. तिथं मी खाली उतरून हँडल ओढायचो आणि ती मागून खांदा लावायची. भरली गाडी त्या चढावर एका माणसाच्यानं जात नव्हती. बारा वर्षं आम्ही तो चढ असा काढला. तिला धाप लागायची, पण धाप कोणाला लागत नाही?

डॉक्टरकडून आल्यावर मी म्हटलं, "तू आता घरी राह्यत जाय. बजारात मी जातो."

"आन इकनार कोन? तुमी?"

तिचं खरं होतं. मला विकता येत नव्हतं. कोणी वांगं दाबून पाहिलं की मी म्हणायचो, घ्यायचं तर घे, नाहीतर ठेव खाली. गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. तिच्याकडे बाया मुद्दाम यायच्या, दोन गोष्टी बोलायच्या, चार वांगी जास्तीची न्यायच्या. अर्धा माल नेऊन परत दुसरी खेप करावी म्हटलं, तर तोपर्यंत बाजार उठायचा आणि पालक माना टाकायचा. तेव्हा माल एका खेपेत जायला पाहिजे होता, ती पण जायला पाहिजे होती, आणि तिचा हात गाडीला लागायला नको होता. म्हणून मी गाडीला मोटर लावायचं ठरवलं.

पहिले पेट्रोलचं इंजन लावून पाहिलं, एका जुन्या मोपेडचं. ते ओढत होतं, पण धूर सगळा मागं, तिच्या तोंडावर. दोन दिवस ती खोकत राहिली. ते काढून परत दिलं. मग राहिली बॅटरीवरची मोटर.

आदिलाबादला तिच्या औषधाला गेलो होतो, तेव्हा तिला घेऊनच भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे दोन मोटरी होत्या. एक लॉरीचा सेल्फ. किल्ली फिरवली की इंजन उठवतो तो. दुसरी जीपची डायनमो. त्यानं सेल्फला बॅटरीच्या तारा टेकवल्या तर सेल्फ जमिनीवरून उडी मारून माझ्या पायाशी आला. काय त्याचा आवाज, काय त्याची ताकद! मग त्यानं डायनमोच्या दोन तारा एकत्र करून लावल्या. ती फिरली, पण गरीब गायीसारखी. तिच्या चाकाला मी तळवा लावला तर थांबली.

मी मनात सेल्फ घेऊन टाकला होता.

ती बाजूला टायरावर बसली होती. म्हणाली, "अवो, हे मोठं किती टाइम चालते?"

"म्हंजे?"

"लॉरीवाला किल्ली फिरवते तेवढ्यापुरतंच चालते ना हे? मंग बंद. थे दुसरं तं जीपसंगं दिवसभर फिरते."

"तू गप वं. डायनमो लाइट बनवते, खात नाही. बनवनारं यंत्र गाडी काय ओढन?"

"पटाचा बैल कोनी नांगराले जुपते का?" ती म्हणाली. "तुमी जोर पाहून राह्यले. दम पाहा."

शंकरपटातला, म्हणजे शर्यतीतला बैल पाहिला असेल त्याला तिचं बोलणं कळेल. तो बैल दहा-बारा श्वासांत पट मारतो, लोक टोप्या उडवतात, पण त्याला सकाळपासून वखराला धरलं तर दुपारी बसून जाईल. ती शेतकऱ्याची पोर, तिला बैल कळत होते. पण भंगारवाला हसला. म्हणाला, "दम तो माँजी, दवाखाने में देखते. मोटर में ताकद देखते."

आणि मीपण हसलो. हे लिहायला हात धजत नाही, पण खोटं काऊन लिहू. तिच्या हातात तेव्हा दमाच्या औषधाची बाटली होती आणि मी त्या माणसासोबत हसलो.

ती टायरावरून उठून बाहेर सडकेवर जाऊन उभी राहिली.

सेल्फ आणला. वेल्डिंगवाल्याकडून त्याच्या तोंडाला सायकलचं दातेरी चाक बसवलं, साखळी मागच्या धुऱ्याला नेली, लॉरीची बॅटरी गाड्याखाली बांधली. गावात पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा गाडीनं असा झटका दिला की मी पडता पडता राहिलो. पारावरची माणसं उठून उभी राहिली. "अबे, यानं तं लॉरी बनवली!" मी रिकाम्या गाडीवर मारुतीच्या देवळापर्यंत गेलो आणि परत आलो. मग परत एकदा गेलो. गरज नव्हती. लोक पाहत होते म्हणून गेलो. ती दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "भरल्या गाडीनं पाह्यलं का?"

"आता बजारालेच पाहू," मी म्हटलं.

बाजाराच्या दिवशी कोबी होता, भोपळे होते, वांग्यांची दोन पोती. वजनदार माल. पुलापर्यंत पायडल मारत गेलो आणि चढाला बटण दाबलं. गाडी निघाली. खरंच निघाली. मी मागं वळून तिच्याकडे पाहिलं, म्हटलं पाहा. ती गाडीच्या मागून रिकाम्या हातानं चालत होती. तसं तिला मी त्या चढावर कधी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या चढावर गूळ करपल्यासारखा वास आला. मग गाड्याखालून धूर. मोटरीचा आवाज बसत गेला, आणि बंद. गाडी मागं जायला लागली. मी ब्रेक दाबला, पण भरल्या गाडीला तो ब्रेक काय धरतो. तिनं मागून खांदा दिला. मी उडी मारून चाकाखाली दगड सरकवला, तेव्हा गाडी थांबली.

आता काय करायचं ते मला माहीत होतं. पोती खाली उतरवायची, सडकेच्या कडेला ठेवायची, रिकामी गाडी मी एकट्यानं वर न्यायची, मग पोती खांद्यावर घेऊन वर जायचं. अर्धा तास लागला असता. पण मागं लॉरी भोंगा वाजवत होती. बाजूनं आमच्याच गावच्या माणसांची जीप आली, बाजाराला चाललेली, आणि त्यातून एक जण ओरडला, "काहो, लॉरी गरम झाली का? पानी पाजा तिले!" सगळी जीप हसली. ज्यांनी पारावरून पाहिलं होतं तेच लोक.

माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, "लाव हात. थोडंच राह्यलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पदर कमरेला खोचला आणि खांदा लावला.

आम्ही गाडी वर नेली. वर पोचल्यावर ती मैलाच्या दगडावर टेकली. मी गाडी बाजूला लावून पाहतो तर तिचे ओठ जांभळासारखे झालेले. तोंड उघडं, हवा आत जात नव्हती. "बोल ना वं, बोल ना," मी म्हणत राहिलो. ती हातानं थांबा म्हणाली. जी जीप हसली होती तिच्यातल्याच माणसांनी पुढून ते पाहिलं आणि मागं फिरून तिला दवाखान्यात नेलं. मालाचं काय झालं मला आठवत नाही.

वीस-बावीस दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टरनं मला विचारलं, काय केलं हिनं? मी सांगितलं, चढ चढली. ढकललं हे सांगितलं नाही.

ती घरी आल्यावर मी जळालेला सेल्फ घेऊन बाजारातल्या वायंडिंगवाल्याकडे गेलो. विहिरीच्या जळालेल्या मोटरीत तार परत भरून देणारा म्हातारा मुसलमान माणूस, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं सेल्फ हातात घेतला, हुंगला आणि खाली ठेवला. म्हणाला, "ये तो एक मिनट का नौकर है. गाडी उठाया, सो गया. इसको बोझा खींचने कैकू लगाए तुम?" मग थांबून म्हणाला, "भाभी कू मैं बोला था ना, डायनमो लो. बैंगन लेते वखत पूछे थे मेरे कू. बोले नई तुमको?"

मी घरी आलो. ती भिंतीला टेकून बसली होती, पायावर गोधडी.

"तू त्याले पहिलेच इचारलं होतं?"

"हो."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं ना. दुकानात सांगतलं."

"त्याचं नाव कुठं सांगतलं?"

"त्याचं नाव सांगतलं असतं तं आयकलं असतं तुमी. माईत हाये मले." ती थोडी थांबली, तेवढं बोलूनच तिला थांबावं लागायचं. "म्हनूनच नाई सांगतलं. एकदा तं माह्यं आयकतेत का पाहू म्हनलं."

मी उठलो. पाणी आणून दिलं.

डायनमो आणली. ती वायंडिंगवाल्यानं स्वतः बसवली. मधे आणखी एक मोठं दातेरी चाक घातलं, त्यानं गती कमी झाली आणि ओढ वाढली. बटण दाबलं की गाडी मुंगीसारखी चालायची. चढावर आम्हाला गायी मागं टाकून जायच्या. पण ती थांबली नाही, आणि गरम पण झाली नाही. आता बायको मागं चालत नव्हती, पोत्यांवर बसायची, डोक्यावर काळी छत्री. गावच्या बाया म्हणायच्या, "अवं, रानी निंगाली का बजाराले?" ती म्हणायची, "या ना बसाले, जागा हाये. फक्त संध्याकाळलोक पोचाची घाई करू नोका." तिच्या अशा बोलण्याला लोक हसायचे. मी पुढं बसून ऐकायचो.

असं दहा-अकरा वर्षं चाललं. गाडीला परत तिचा हात मी लागू दिला नाही. भांडून, ओरडून, कधी चारचौघात अपमान करूनही लागू दिला नाही. पण काळजाचं काम बिघडत गेलं. पाय सुजायला लागले. मग बाजार बंद झाला, मग विहिरीपर्यंत जाणं बंद झालं. नव्वदीचं दशक संपायला आलं तेव्हा तिला आडवं झोपता येत नव्हतं. मी मागं बसायचो आणि ती माझ्या छातीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायची.

एका दुपारी तशीच टेकली होती. तोंड पलीकडे होतं म्हणून मला बोलता आलं. समोर असती तर आलं नसतं.

"त्या दिवशी चढावर मी तुले लाव हात म्हनलो."

मला वाटलं झोपली.

"तुमी म्हनले नसते तरी लावला असता," ती म्हणाली. "माल माहा पन होता ना."

"पोती उतरवता आली असती."

"हो. आली असती."

बस, एवढंच. माफ केलं म्हणाली नाही, केलं नाही असंही म्हणाली नाही. पाठीत उशी नीट करा म्हणाली, मी केली. त्याच आठवड्यात ती गेली. नंतर मी डॉक्टरला खरं सांगितलं, की तिनं त्या दिवशी ढकललं होतं. तो म्हणाला, झडप आधीचीच खराब होती, एका चढानं माणूस जात नाही. तो शिकलेला आहे, त्याचं खरं असेल.

गावात अजून लोक पोरासोरांना सांगतात की यानं बायकोसाठी गाडीला मोटर लावली, त्या काळात, केवढी माया. मी ऐकून घेतो. माया होती, ती मी नाकारत नाही. पण डायनमो तिनं निवडली होती. मी निवडला तो सेल्फ, आणि तो निवडताना माझ्या डोळ्यांपुढं ती नव्हती, पारावर बसलेली माणसं होती. हे कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहिलं.