पाठीवरचा हात

श्रीधरने निखिलच्या पाठीवर थाप मारली. पण हात काढला नाही. डाव्या खांद्यावरून तिरका खाली सरकवला. शर्टाखाली दोरा लागतो का, ते चाचपत होता.

"काय रे, जानवं बाथरूममध्ये विसरलास की काय?"

लोक हसले. ओहायोतल्या डब्लिनला माझ्या घरी दसऱ्याचं पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला. माझी मुलगी मीरा निखिलला पहिल्यांदाच घेऊन आली होती. तो पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज गावी पीएचडी करतो. दोघांना लग्न करायचंय.

"विसरलो नाही काका. नव्हतंच. आम्ही बौद्ध."

हसू थांबलं. कुणीतरी भाताचा ट्रे उगाच पुढे सरकवला. मीराने मला विचारलं, "बाबा, व्हॉट जस्ट हॅपन्ड?"

"काही नाही गं. श्रीधरकाकाची मस्करी."

ती मस्करी नव्हती. त्या खोलीत हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. या देशातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात असाच एक हात माझ्या पाठीवरून फिरला होता. तेव्हा मी एम.एस. करत होतो, मराठी मुलांबरोबर राहत होतो. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट वेगळं. कुणी काही बोललं नाही. नुसतं वेगळं ठेवलं.

ओहायोत नोकरी लागली. इथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. मी आडनाव बदललं. जानवं घातलं. पुढच्या वेळी हात फिरला, तेव्हा त्याला दोरा लागला.

त्या जानवं घातलेल्या माणसावर सुमतीने प्रेम केलं, लग्न केलं. देशस्थांची मुलगी. तिला सांगितलं, आई लहानपणीच गेली, मला कुणी नाही. आई नांदेडच्या वस्तीत जिवंत होती. ती वारल्याचं कळलं, त्या संध्याकाळी मी सुमतीला म्हणालो, डोकं दुखतंय. तिने कपाळाला बाम चोळला. आता सुमतीही नाही. आपण कुणाबरोबर संसार केला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी निखिलला गॅरेजमध्ये गाठलं. म्हणालो, "लग्नापुरता गप्प राहा. कुणी विचारलं तर दुसरं काहीतरी सांग. इथे कोण बघायला येतंय?"

तो म्हणाला, "काका, मग मीराचं लग्न कुणाशी होणार?"

निखिलला घेऊन आत गेलो. मीरा उरलेलं जेवण डब्यांत भरत होती. दोघांसमोर सगळं सांगून टाकलं. वस्ती, जात, खरं आडनाव, माझी आई.

मीराने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"अँड आजी? मी शाळेत होते तेव्हा शी वॉज अलाइव्ह?"

"हो."

तिने हातातला डबा तसाच ठेवला. कोट घेतला. निखिल तिच्यामागून गेला. तेव्हापासून तिचा फोन नाही.

श्रीधरला मीच फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे यार, आपल्यात आता कुठे असं काही राहिलंय? पण आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर नको टाकूस. उगाच लोकांना ऑकवर्ड होतं."

मी टाकलं. खऱ्या आडनावाने. खाली आईचं नाव लिहिलं, गंगूबाई, आणि ती कुठल्या वस्तीत राहत होती तेही. काहीजण न बोलता ग्रुपमधून गेले. जाऊ देत.

मीरा माफ करेल असं मला वाटत नाही. करावं असं म्हणायचा मला हक्कही नाही. सुमतीपर्यंत तर काहीच पोचणार नाही. पण मीरा लग्नाला बोलावो न बोलावो, हे आता परत झाकायचं नाही. विचारेल त्याला सांगणार. न विचारेल त्यालाही सांगणार.