घासलेला अलेक्झांडर

अक्कलदाढ दाखवायला गेलो होतो. डॉक्टरांनी ती काढली आणि रक्त थांबेपर्यंत बस म्हणून समोर एक लाकडी खण आणून ठेवला. आत मखमलीवर ग्रीक राजांची चांदीची नाणी. माझ्या तोंडात कापूस, त्यामुळे मला मध्ये बोलता येईना. बहुधा म्हणूनच मी त्यांना आवडलो.

मग जातच राहिलो. साहित्य शिकलेला मी, राजांची नाकं ओळखू लागलो. अलेक्झांडर गेल्यावर त्याचे सरदारच राजे झाले. त्यातल्या टॉलेमीने नाण्यावर स्वतःचा चेहरा छापला. लायसिमॅकसने मात्र मेलेल्या अलेक्झांडरचा, कानावर मेंढ्याचं शिंग असलेला.

"राज्य हातात आलं, तरी चेहरा गेलेल्याचाच," डॉक्टर म्हणायचे.

खणातली सगळी नाणी काळसर होती. तो काळेपणा म्हणजे त्यांचं वय. संग्राहक तो पुसत नाहीत. लायसिमॅकसचं नाणं तेवढं लखलखीत. डॉक्टर एकदा परगावी असताना काकूंनी ते दंतमंजन लावून ब्रशने घासलं होतं.

"दातांच्या डॉक्टरची बायको मी. घरात काळं राहू देईन होय?" काकू हसून सांगायच्या.

"तेवीसशे वर्षं टिकला बिचारा, आणि हिच्या तावडीत सापडला!"

"एकावरच थांबले ना?"

"ब्रश झिजला म्हणून थांबलीस."

काकू गेल्या. पुढे डॉक्टरांनी अख्खा संग्रह संग्रहालयाला द्यायचा शब्द दिला. देऊन बसल्यावर त्यांना ते नाणं आठवलं.

"तेवढं ठेवून घ्या ना," मी म्हटलं.

"अख्खा म्हणालोय मी. आता कुठल्या तोंडाने मागू?"

संग्रहालयाच्या बाई आल्या. एकेक नाणं कडेने धरून भिंगाखाली पाहू लागल्या. आयुष्यभर लोकांना "घाबरू नका" म्हणणारे डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसले होते, हात घट्ट आवळून.

लायसिमॅकसची पाळी आली. बाईंच्या कपाळावर आठ्या.

"हे कुणी घासलं?"

"बायकोने."

"अरेरे. नाक पार गुळगुळीत झालंय. हे मांडता नाही येणार आम्हाला. तुम्हीच ठेवा. राग नाही ना?"

"छे," डॉक्टर म्हणाले.

बाईंची गाडी गेली. डॉक्टरांनी नाणं उचललं. कडेने नव्हे, सरळ मुठीत घेतलं. मला त्यांनी असं कधी धरू दिलं नव्हतं. मग भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे वळले.

"ऐकलंस का? नापास झाला तुझा अलेक्झांडर."

हसता हसता त्यांचे डोळे भरले. मला काही बोलता येईना. या वेळी तोंडात कापूस नव्हता.