काळ्या टॉर्किलचा पायगुण

आर्डनाब्रेक या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात टॉर्किल मॅकास्किलची आठवण लोकांना वर्षातून एकदाच व्हायची, डिसेंबर संपताना. नव्या वर्षात घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडणारा पुरुष काळ्या केसांचा हवा, त्याच्या हातात कोळसा हवा, म्हणजे वर्षभर चूल विझत नाही, ही आमच्याकडची पक्की समजूत. पिवळ्या केसांचा आधी आला की वर्ष हातचं गेलं. टॉर्किलइतका काळा माणूस सगळ्या किनाऱ्यावर नव्हता. केस डांबरासारखे, कातडी सावळी. त्या एका दिवशी त्याचा थाट जावयाचा. बाकीचे दिवस जाळी ओढ, गप्प बस.

दारात त्याचं कौतुक काय विचारता! "या कप्तान, या!" साडेतीनशे वर्षांपूर्वी स्पेनच्या राजाचं एक लढाऊ जहाज आमच्या खडकांवर फुटलं, त्यातला देखणा कप्तान पोहत वर आला आणि त्याचंच रक्त टॉर्किलच्या अंगात आहे, अशी कथा. जहाजाची एक फळीही कधी कुणाला सापडली नाही. कप्तान मात्र दरवर्षी थोडा थोडा उंच होत होता.

सव्विसाव्या वर्षी टॉर्किलने या थापेवर विश्वास ठेवला, एवढीच त्याची चूक. लॅकलन मॅककिननची मुलगी मार्सली त्याच्या मनात भरली होती. तिच्याही मनात काहीतरी असावं, कारण धक्क्यावर मासे साफ करताना ती त्याच्याच शेजारची जागा धरायची. लॅकलनची स्वतःची बोट होती. टॉर्किल धुतलेला शर्ट घालून मागणी घालायला गेला.

"कल्हईवाल्यांच्या रक्तात माझी पोर देऊ?" लॅकलन म्हणाला. "तुझ्या आजीच्या घरामागे त्या भटक्यांचे तंबू पडायचे. आम्ही काय आंधळे होतो?"

"पण काका, जानेवारीत तुम्हीच मला कप्तान म्हणालात!"

"ते दारातलं बोलणं. हे घरातलं आहे."

टॉर्किल हात चोळत बसणारा नव्हता. निवृत्त झालेले बेगबी मास्तर जुने कागद चाळत बसायचे. महिनाभर तो त्यांच्याकडे खेटे घालत राहिला. शेवटी एक सैन्यभरतीची यादी निघाली, दीडशे वर्षांपूर्वीची. प्रत्येक नावापुढे उंची, केस, वर्ण. गावचे एकेचाळीस पुरुष, आणि त्यातल्या एकोणीस जणांपुढे लिहिलेलं: केस काळे, वर्ण सावळा.

"मास्तर, एवढे सगळे स्पॅनिश?"

"एकट्या कप्तानाला एवढी सवड कुठली रे!" मास्तर हसले. "इथली माणसं आधीपासूनच अशी. काही गोरी, काही काळी. गोष्टी नंतर चिकटवल्या. माणूस आवडला तर स्पॅनिश, नावडला तर कल्हईवाला."

त्या एकोणीस जणांत लॅकलनचा पणजोबाही होता. टॉर्किलने यादीची नक्कल करून लॅकलनपुढे ठेवली. लॅकलनने ती नीट वाचली आणि चुलीत टाकली.

"पणजोबा उन्हात राबायचे. रापले असतील."

ऊन म्हणे! आमच्या गावात ऊन पडलं तर लोक एकमेकांना हाका मारून दाखवतात.

मार्सली आतच होती. तिने सगळं ऐकलं आणि ती बाहेर आली नाही. पुढच्या मे महिन्यात तिने सॉर्ली नावाच्या, वाळक्या गवतासारख्या केसांच्या माणसाशी लग्न केलं. तो घरजावई झाला.

आणि लॅकलनचा निर्लज्जपणा बघा. त्याच डिसेंबरात त्याचा निरोप आला: "टॉर्किल, पहिलं पाऊल तुझंच हं." पिवळ्या केसांच्या जावयाने चुकून आधी उंबरा ओलांडू नये म्हणून त्याला त्या दिवशी घराबाहेरच पडू देत नसत. दुसरा कुणी असता तर कोळसा लॅकलनच्या डोक्यात घातला असता. टॉर्किल गेला. तेवढी पंधरा मिनिटं त्याला मार्सलीच्या स्वयंपाकघरात बसता यायचं. ती व्हिस्की ओतायची, केक कापायची, "बरा आहेस ना?" विचारायची. त्या पंधरा मिनिटांवर त्याने चौतीस वर्षं काढली. लग्न केलं नाही.

साठी उलटली, केस पांढरेफटक झाले आणि एकेका घराचं बोलावणं बंद पडलं. मार्सलीचंही. लॅकलन केव्हाच गेला होता, मग सॉर्लीही गेला. आता अडवणारं कुणी नाही, असं टॉर्किलला वाटलं. पासष्टाव्या वर्षी, नव्या वर्षाच्या सकाळी दहा वाजता, कुणी न बोलावता तो तिच्या दारी गेला. या वेळी कोळसा नेला नाही. पाहुणा म्हणून गेला.

मार्सलीने दार वीतभर उघडलं. "टॉर्किल? अरे, अजून कुणी आलं नाहीये."

"मी आलोय ना."

तिची नजर त्याच्या केसांवर गेली. "तसं नव्हे रे. हॉटेलातला तो इटालियन आचारी येतो म्हणालाय. तो एकदा आत येऊ दे, मग तू ये. थांबशील ना?"

तो थांबला. भिंतीला टेकून, वाऱ्यात, अर्धा तास. काळ्याभोर केसांचा आचारी कोळसा घेऊन हसत आला आणि आत गेला. मग मार्सलीने टॉर्किलला हाक मारली. त्याच्या हातात पेला दिला.

"मार्सली," टॉर्किल म्हणाला, "चौतीस वर्षं मी तुझ्याकडे नशीब घेऊन आलो. एकदा तरी मी नुसता मी म्हणून यावं, असं वाटलं नाही तुला?"

"वाटायचं की," केक कापता कापता ती म्हणाली. "पण तेव्हा तू काळा होतास ना."