शेजारच्या सीटवरचं चाक

युसूफचाचा गेल्याचं मला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी दहाएक मिनिटं कळलं. मस्कतमध्ये आमच्या वर्कशॉपात बसच्या सीटांना कव्हरं चढवायचं काम चालतं, आणि मशीन चालू असताना फोन घ्यायचा नाही असा नियम आहे. पण नंबर भिंगारचा होता, म्हणून घेतला. चाचांच्या गल्लीतल्या एकाने सांगितलं, "पहाटे गेले, झोपेतच. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर दफनाला नेतील." मी "बरं" म्हटलं. फोन खिशात ठेवला आणि हातातली शिवण पूर्ण केली. संध्याकाळी ते कव्हर उलटं करून पाहिलं, तर टाके सगळे सरळ आलेले. एकही हुकला नव्हता. याची मला अजून लाज वाटते. दोन महिने होत आले, जेवतो, झोपतो, कामावर जातो, पण आत काही हलत नाही. लिहून बघावं म्हणून बसलोय. आठवीतून शाळा सुटलेला माणूस आहे मी, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पाथर्डीकडचा. आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, त्यांच्यामागे फिरता फिरता शाळा मागेच राहिली. पुढे नगरमध्ये एका दुकानात गाड्यांच्या सीटांचं काम शिकलो आणि सव्विसाव्या वर्षी वाटलं, आता स्वतःचं काहीतरी टाकावं. जागा मात्र कुठेच मिळेना. चाचा तेव्हा लष्कराच्या वाहनांच्या वर्कशॉपातून नुकतेच रिटायर झालेले. भिंगारात त्यांच्या घराच्या फाटकाला लागून पत्र्याची एक शेड होती. ओळख नसतानाही ती त्यांनी मला दिली, फारशी चौकशीही केली नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की मी टेपवर इंच वाचतो आणि पुढचे बारके भाग अंदाजाने धरतो. मला सूत मोजता यायचे नाहीत. इतकी वर्षं मी हे लपवलं होतं. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "भाकरीचे चार तुकडे करतोस ना? त्या प्रत्येकाचे अर्धे कर. झाले आठ. इंचाचे तेच आठ सूत. यात घाबरण्यासारखं काय आहे?" त्या आठ सुतांवर आज मी परमुलखात उभा आहे.

चाचांची ती गाडी भिंगारात सगळ्यांना ठाऊक होती. तरुणपणी त्यांनी कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकात रेसच्या गाडीचा फोटो पाहिला होता. दोनच सीटा, वर छप्पर नाही, लांबलचक नाक, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की मांजर खालून जाईना. खरी गाडी आपल्या नशिबात नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी हुबेहूब तशी घरीच बनवायला घेतली. एका जुन्या मोटारीचं इंजिन, वर फायबरची बॉडी, तांबडा रंग. अंगणात अकरा वर्षं हे काम चाललं. लोक तिला 'घोरपड' म्हणायचे. चाचा रागवायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "घोरपड म्हणा, पण लाल घोरपड म्हणा." सीटा मी शिवल्या, काळ्या रेक्झिनच्या, पांढऱ्या दोऱ्याच्या. आजवर केलेल्या कामात मला सगळ्यात आवडलेलं काम तेच.

चाचांच्या बायकोला, रशिदाचाचीला, त्या गाडीत बसायचं होतं. एवढंच. अकरा वर्षं तिने अंगणातली ठोकाठोकी ऐकली होती, फायबरची धूळ रोज झाडली होती. गाडी पुरी झाली की तीत बसून श्रीगोंद्याला माहेरी जायचं, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, असं तिने ठरवून ठेवलेलं. गाडी पुरी झालीही. पण तीत जादा चाक, म्हणजे स्टेपनी, ठेवायला जागाच नव्हती. पुढे इंजिन, मागे पेट्रोलची टाकी. फोटो बघून बनवलेली गाडी, आणि फोटोत स्टेपनी कुठे दिसते? अकरा वर्षांत आम्हा दोघांच्याही ते डोक्यात आलं नाही. चाचांची सगळी नोकरी तर एका नियमावर गेलेली: स्टेपनी तपासल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडायची नाही. साहेबाची असली तरी नाही. मग आता काय? त्यांनी ते चाक शेजारच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा बांधला आणि गल्लीतून एक चक्कर मारून आले. चाची फाटकात उभी. म्हणाली, "सवत आनली असती तर निदान पानी तरी भरलं असतं तिनं. ही नुसती बसून ऱ्हानार."

मी म्हणायचो, "चाचा, पंक्चर काढायचं सामान सोबत ठेवा की. कशाला अख्खं चाक?" ते म्हणायचे, "टायर फाटला तर? दगड आपल्याला विचारून लागतो का?" पंक्चर होणारच असं धरून त्यांनी सगळी तयारी केली होती. गाडी इतकी खाली की साधा जॅक आत शिरायचाच नाही. म्हणून आधी चाक एका लाकडी फळीवर चढवायचं, मग जॅक सरकवायचा. फायबर तडकू नये म्हणून जॅक कुठे लावायचा तिथे खडूने फुली. समोरच्या चाकाला दगड. नट आधी ढिले करायचे, मगच गाडी उचलायची. दर रविवारी सकाळी अंगणात याची तालीम व्हायची. चाचा आणि मी गोणपाटावर गुडघे टेकून, आणि ओट्यावर चाची घड्याळ घेऊन. "सतरा मिंटं," ती सांगायची. "तवर माझा भाऊ श्रीगोंद्यावरनं बैलगाडी घेऊन आला असता." पुढच्या रविवारी आम्ही चौदा मिनिटांवर आलो. चाचांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला काय दावताय? मी कुठं बसू ते सांगा."

तेव्हा मी तोंड उघडलं. मी घाबरट माणूस, आपणहून कुणाला काही सुचवत नाही, पण त्या दिवशी बोलून गेलो. म्हटलं, "चाचा, चाक आडवं टाकू. त्यावर गादी करू. चाची गादीवर बसेल, स्टेपनी तिच्याखाली." चाचांनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा सीटकडे. मग उठले आणि माझ्या पाठीवर असा हात मारला की टेप हातातून पडला. मी चारदा मोजलं, सुतासुताने. आणि तरी चूक केली. चाक मोजलं, गादी मोजली, चाचीला मोजायचं राहिलं. पहिल्यांदा बसवलं तर ती काचेच्या वर, पार छातीपर्यंत. पदर सावरत म्हणाली, "मी काय नवरदेव हाय का वरातीतला? घोड्यावर बसवलंय मला!" चाचा हसून हसून खाली बसले. मग ठरलं, सीटखालचा पत्रा कापून चाक आत बसवायचं आणि वर पातळ, घट्ट गादी करायची. चाचांनी पत्रा दोन दिवसांत कापला. गादीचं माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "दोन आठवडे द्या."

त्या दोन आठवड्यांतच माझा व्हिसा आला. त्याचे फॉर्म चाचांनीच भरले होते, मुंबईला माझ्याबरोबर तेच आले होते. रांगेत माझं पोट बिघडलं, तर हा माणूस माझी फाईल सांभाळत तीन तास उभा. निघताना गादी अर्धीच शिवून झालेली. मी म्हटलं, "एवढी करून जातो, तिकीट पुढे ढकलू." ते म्हणाले, "अरे, गादी कुठे पळून जाते का? जा तू, दत्तू. सुट्टीला येशील तेव्हा कर."

सुट्टीला मी गेलो नाही. पहिल्या वर्षी मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी मिळाली, तर भीती वाटली की गेलो आणि परत बोलावलंच नाही तर... तिसऱ्या वर्षी काय कारण होतं ते आठवतही नाही. दर शुक्रवारी चाचांना फोन व्हायचा. जेवतोस का, ऊन किती आहे, मालक कसा आहे. गादीबद्दल त्यांनी कधीच विचारलं नाही. मीच एकदा म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. तर म्हणाले, "माप तुझं आहे. दुसऱ्याचा हात लागला की बिघडेल." तेवढं बोलून त्यांनी विषय बदलला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच वाटलं.

म्हणून ते गेल्यावर चाचीला फोन करायला मला सहा आठवडे लागले. ती काय म्हणेल याची भीती नव्हती. मला तिला एकच विचारायचं होतं, ती त्या गाडीत कधी बसली का, आणि त्याचं उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. शेवटी एका शुक्रवारी लावला. ती नेहमीच्याच आवाजात बोलली. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग म्हटलं, "चाची, गादी माझ्यामुळे राहिली. तुम्हाला बसायला मिळालं नाही."

"कोन म्हनलं?" ती म्हणाली. "बसले की मी. श्रीगोंद्याला गेल्तो आमी, थंडीत."

मला कळेना. म्हटलं, "आणि स्टेपनी?"

"ती घरी. एक दिस सकाळी उठले, पत्रा होता तसा जोडला, जुनी सीट बसवली. चाक उचलून ओट्यावर ठिवलं. मला म्हनले, चल. मी म्हनलं, आन ते? म्हनले, ते घर राखंल. तुजी वाट पाह्यली त्यांनी. लई पाह्यली. मग म्हनले, दत्तूला जमत न्हाई, त्याचा दोष न्हाई, पन तू म्हातारी व्हाया लागलीस."

चाचीच पुढे सांगत राहिली. श्रीगोंदा आठ-दहा किलोमीटर राहिलं असेल, आणि टायर फुटला. चाचीच्या बाजूचा, मागचा. फळी होती, जॅक होता, पाना होता, खडूची फुलीसुद्धा होती. फक्त चाक नव्हतं. "मी म्हनलं, उतरून बगा तरी. तर म्हनले, बगून काय करू? आन हसाया लागले. मला वाटलं, डोकं फिरलं ह्यांचं." उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने पंक्चरवाल्याला निरोप दिला. तो यायला तीन तास लागले. ट्रॅक्टरवाल्यानेच दोन ऊस दिले होते. चाचांनी ते सोलून, कांडी करून चाचीला दिले. "निका झाल्यापून पयल्यांदा. तीन तास एका जागी बसलेला मानूस मी कदी पाह्यला नव्हता, दत्तू. त्यो बी माझ्या शेजारी."

"मग पोचलात ना श्रीगोंद्याला?"

"पोचलो की, दिवे लागल्यावर. कोन बगतंय अंधारात! भावजय म्हनली, हे काय आनलंय, परात हाय का व्हडी?"

पंक्चरवाल्याने फाटलेल्या जागी आतून तुकडा लावून कसंबसं जमवलं होतं. तेवढ्यावर ते घरी परतले. चाचा म्हणाले होते, आता ओट्यावरचं चाक लावू सवडीने. पण परत आल्यावर त्यांची तब्येत उतरत गेली, आणि तो टायर हळूहळू बसत गेला. आज अंगणात गाडी उभी आहे ती तशीच, एका चाकातली हवा पार गेलेली, रिम जमिनीला टेकायला आलेला. असं राहिलं की टायर घडीवर चिरतो, रिम दबतो, मग काही कामाचा राहत नाही. मी चाचीला म्हटलं, "मी कुणाला तरी पाठवतो. चौदा मिनिटांचं काम आहे, ओट्यावरचं चाक चढवून देईल."

"नको," चाची म्हणाली. "दुपारची मी तिच्यात जाऊन बसते जरा. गाडी माझ्या बाजूला कलली हाय ना, पाय आत टाकाया गुडघ्याला सोपं पडतं."