खिडकी अडवून बसलेला टीव्ही

आमच्या पिपरी मेघे गावच्या घरात कोणतीच वस्तू मरत नाही, फक्त बंद पडते. बंद पडली की तिचा मान वाढतो. मिक्सर गेला, तो माळ्यावर चढला. मोबाइल गेले, ते देवघराखालच्या खणात. आणि माझ्या आंदणातला जुना, डब्यासारखा टीव्ही बंद पडला, तो बैठकीच्या खिडकीशी ठाण मांडून बसला. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. जिवंतपणी त्याची एवढी सरबराई कधी झाली नव्हती. नीट चालायचा तेव्हा तो 'आपला टीव्ही' होता. चित्र पळायला लागलं की सासूबाई म्हणायच्या, "तुह्या माहेरचा टीव्ही पाह्य काय करून राह्यला!"

मला ती खिडकी हवी होती. मी ब्लाउज शिवते. दिवसभर उजेड असलेली घरात तेवढी एकच जागा, आणि माझी मशीन मात्र जिन्याखाली, पिवळ्या बल्बच्या आशेवर. काळं कापड आलं की मी शिवण बोटांनी चाचपायची. टीव्ही काढू या म्हटलं की सासूबाई विचारायच्या, "थो काई खायले मागते का तुले?" यजमान म्हणायचे, "होऊन जाईन दुरुस्त एखांद्या वेळी." भंगारवाल्याला द्यावा, तर तो तांब्यासाठी आमच्याच नाल्याकाठी काच फोडणार. त्या काचेत शिसं असतं. तेही मनाला पटेना.

अशात यजमानांना पर्यावरणाचा झटका आला. कॉलनीच्या ई-कचरा मोहिमेचे ते संयोजक झाले. असा कचरा रीतसर नेणारी गाडी नागपूरहून येणार होती. त्यांनी भाषण पाठ केलं तेही त्याच टीव्हीसमोर उभं राहून. "जुन्या वस्तूंचा मोह सोडा!" असं त्याच्याकडेच हात करून म्हणायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी भाजी निवडत ऐकायची आणि माझं डोकं तापायचं.

रविवारी मंदिराच्या पटांगणात मंडप, बॅनर, हार, सगळं होतं. कचऱ्यापेक्षा फोटोच जास्त निघाले. बहुतेकांनी एकेक चार्जर आणला, आणि फोटो झाल्यावर तो खिशात परत घालणारेही मी पाहिले. एका काकूंनी तर दुसऱ्या कुणाची इस्त्रीच उचलली. "वायर चांगली हाय वो हिची," म्हणाल्या. गाडीवाले रिकाम्या गाडीला टेकून जांभया देत होते. यजमान माइकवर "मोह सोडा"पर्यंत पोचले आणि मी तडक घरी निघाले.

सासूबाई मंडपात पहिल्या रांगेत होत्या, हे बरं झालं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याची हातगाडी मागितली, त्याच्याच मदतीने टीव्ही चढवला आणि थेट स्टेजसमोर नेऊन उभा केला.

"अवजी, हा आपल्या घरचा," मी एवढंच म्हटलं.

टाळ्या पडल्या. यजमानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण हातात माइक असलेला माणूस कुठूनही सावरतो. "सुरुवात स्वतःच्या घरापासून!" ते गरजले. सासूबाईंचे हात मात्र मांडीवरच होते. गाडीवाल्यांनी दोघांनी धरून, काच सांभाळून टीव्ही आत ठेवला.

घरी येऊन मी मशीन खिडकीशी ओढली. मागोमाग सासूबाई आल्या. मग कपाटातून आपलं ब्लाउजपीस काढलं, माझ्यासमोर टाकलं आणि पलंगावर बसून बघत राहिल्या.

संध्याकाळी यजमान आले ते कुणाचा तरी बंद कॉम्प्युटर छातीशी धरून. म्हणे, गाडी गेल्यावर आला. "पुढची गाडी येईपर्यंत ठेवू इथंच," म्हणत ते खिडकीकडे वळले. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कडाडल्या, "तिथं नोको ठेवू. थे जागा तिची हाय."

या घरात कुणी कशाला 'तिचं' म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मला रडूच कोसळलं.

"अन् तू रडू नोको," त्या माझ्यावर खेकसल्या. "माही बाही वाकडी होईन."