घाबरणारा देशभक्त

देशभक्ताची गोष्ट सांगायला आप्पा बसले की पहिलं वाक्य ठरलेलं असे : "पोरांनो, हा माणूस फार घाबरायचा." जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या आमच्या मराठी मंडळातली मुलं एरवी जर्मनमध्ये कुजबुजत राहत, या वाक्याला गप्प होत.

आप्पा म्हणजे इथल्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या नीलेशचे वडील. दर उन्हाळ्यात तीन महिने येत. गोष्ट त्यांच्या गावच्या मास्तरांची. बेचाळीस साली भूमिगत झालेले, कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसलेले. "कुत्र्याला घाबरायचे, अंधाराला घाबरायचे. तरी बंडीत पत्रकं शिवून गावोगाव जायचे. न घाबरणाऱ्याचं काय कौतुक?"

मंडळाच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक मी करते. दोन हजार तेराच्या पंधरा ऑगस्टला गोष्टीत मास्तरांमागे पोलीस लागले, तोवर जेवण आलं. पुढच्या वर्षी मास्तर भर दुपारी गावात पळत आले, आणि हॉल झाडून परत द्यायची वेळ झाली. "शेवट राहिला हो ताई," आप्पा म्हणाले. "त्यासाठीच तर सांगत होतो."

तो शेवट मी सतरंज्या गुंडाळताना ऐकला. मास्तरांनी दारं वाजवली, गावाने आतून कड्या लावल्या. पहिली थाप कुणाच्या दारावर पडली, तेही आप्पांनी सांगितलं. मास्तर पकडले गेले, तुरुंगातच वारले. स्वातंत्र्यानंतर त्याच गावाने त्यांच्या नावाची कमान उभारली. "कमान दिसतेच. पोरांना कड्या कळायला हव्यात."

तिसऱ्या वर्षी मी आप्पांसाठी भरपूर वेळ राखला. बैठकीत पालकांनी तो काढून घेतला. "मुलांना निगेटिव्ह नको, काहीतरी इन्स्पायरिंग ठेवा." नीलेश मोबाइलमध्ये बघत राहिला. अध्यक्ष जर्मन वळणाने म्हणाले, "आल्झो, तर मग, पुढचा विषय."

त्या जागी फॅन्सी ड्रेस आला. फेटे, चिकटवलेल्या मिशा, रोमन लिपीतून पाठ केलेली दोन-दोन वाक्यं. आप्पांना दारात झेंडे वाटायला बसवलं. त्यांनी ते वाटले. निघताना म्हणाले, "बरेच देशभक्त झाले. घाबरलं कुणीच नाही."

त्या हिवाळ्यात आप्पा गावी वारले. शोकसभेत सगळे त्यांच्या गोष्टींबद्दल भरभरून बोलले. नंतर चहाच्या वेळी त्यांची नात, नीलेशची मुलगी ईरा, माझ्याजवळ आली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "मावशी, मास्तरांना कुणी दार उघडलं?"

"ताई, आत्ता नको," नीलेश मला म्हणाला.

"कुणीच नाही," मी सांगितलं.

"आजोबांच्या घरानेसुद्धा?"

"मास्तरांनी पहिली थाप त्याच दारावर मारली होती."